खलास म्हणजे झालं

बहारीनमधल्या झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये 'खलास' हा शब्द जेवणाच्या ताटापाशी असायचा. मुलगी लहान होती तेव्हा वरणभात संपला की ताट पुढे सरकवून म्हणायची, "खलास." बायको म्हणायची, "अजून थोडा घे." "खलास ना, मम्मी." होमवर्क खलास, आंघोळ खलास. हा अरबी शब्द मी कामावरच्या गोदामातून घरी आणला होता. तिथे ट्रक रिकामा झाला की सगळे हेच ओरडतात. आमच्या लेखी त्याचा अर्थ 'झालं', एवढाच.

मुलगी युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला होती. परीक्षेत पर्यवेक्षक बाईंनी पेपर मागितला तेव्हा ती शेवटची ओळ लिहीत होती. "खलास, खलास," म्हणत तिने पेपर हातात दिला. बाईंना ते 'पुरे आता' असं उर्मट वाटलं. अनादराची तक्रार झाली. ताकीद रेकॉर्डवर चढली तर एका कंपनीत मिळालेली ट्रेनिंगची जागा जाणार होती, कारण तिथे स्वच्छ रेकॉर्ड लागायचं.

शिस्त समितीपुढे पालकाला बसता येत होतं, म्हणून मी गेलो. बोलणं इंग्रजीत झालं. मुलीने सांगितलं, शेजारच्या बाकावरची बहारीनी मुलगी हेच म्हणाली, तेव्हा बाई हसल्या. अध्यक्षांनी ते नाकारलं नाही. म्हणाले, "तिची भाषाच आहे ती."

"माझी मुलगीही याच शब्दावर वाढली, सर," मी म्हणालो. मग विचारलं, "अशा तक्रारी वर्षात किती येतात? त्यात भारतीय, बांगलादेशी, फिलिपिनो मुलं किती?"

"आम्ही देश, वंश बघत नाही. म्हणून मोजतही नाही."

"मोजलं नाही, तर सगळ्यांना सारखं वागवता हे तुम्हाला कळतं कसं?"

टेबलाखाली मुलीने माझा पाय दाबला. समितीतल्या एका तरुण प्राध्यापिकेने मात्र माझा प्रश्न लिहून घेतला.

गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, ती हिअरिंग होती, तुमचं ऑडिट नाही."

"मग ऑडिट कधी असतं त्यांचं?"

तिने रेडिओ लावला.

ताकीद रद्द झाली, ट्रेनिंगची जागा राहिली. पुढच्या सत्रात नियमही बदलला. तक्रारीत नुसतं 'अनादर' लिहून भागेना. नेमके शब्द लिहायचे, त्यांचा अर्थ आधी विद्यार्थ्याला विचारायचा, आणि कोणत्या समाजातल्या मुलांवर किती तक्रारी होतात हे दरवर्षी मांडायचं. मला बरं वाटलं. पण घरात मुलगी 'डन' म्हणू लागली. जेवण झालं, डन. तो जुना शब्द तिने टाकलाच. जेवताना माझे कान मात्र तिकडेच असायचे.

आता ती रिफा शहरात नोकरीला जाते. परवाच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, बायको तिला आणखी भात वाढायला गेली, तर तिने ताटावर हात आडवा धरला.

"खलास ना, मम्मी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मुलीच्या बोटांच्या फटीतून एक चमचा भात वाढलाच.