पाच भाषांचा साडभाऊ

चुकीचं काम इतक्या भक्तिभावानं करणारा माणूस माझ्या साडभाऊनंतर या पृथ्वीतलावर दुसरा जन्मायचा नाही, हे मी मारेगावच्या भर चौकात सांगायला तयार आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. मिक्सर दुरुस्तीला घेतला तरी आधी त्याला नमस्कार करणार, आणि संगणकावर बसला की प्रत्येक ओळ आरतीसारखी मोठ्यानं म्हणणार. एकदा मळणीयंत्राचं माहितीपत्रक त्यानं शेजारच्या म्हशीला वाचून दाखवलं. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, ऐकनारं कोनी असलं का चूक सापडते. अन् म्हैस मधात बोलत तं नाही!"

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, मळणीयंत्रं आणि फवारणीचे पंप भाड्यानं देतात, आणि साडभाऊ घरजावई म्हणून त्यांच्याकडेच राहतो. गिऱ्हाईक सगळ्या बोलींचं. साडभाऊच्या डोक्यात आलं की दुकानाची वेबसाइट ज्याला त्याला आपापल्या भाषेत दिसली पाहिजे: मराठी, उर्दू, बंजाऱ्यांची गोरमाटी, कोलाम लोकांची कोलामी, आणि मानपान म्हणून इंग्रजी. प्रत्येक भाषेची एक फाईल, आणि ती त्या भाषेच्या माणसाच्या ओसरीवर बसूनच लिहायची, हा त्याचा हट्ट. त्यापायी चहा पिऊन पिऊन त्याला पित्त झालं. महिनोन्महिने हे पाहून मामाजींनी फर्मान काढलं: दसऱ्याला वेबसाइट उघडली तर ठीक, नाही तर मुकाट पुण्याला जायचं. तिथं माझ्या ऑफिसात मी त्याची नोकरी ठरवूनही ठेवली होती. साळीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, डोळे पुसत पुसत बॅग भरायला घेतली होती.

दसऱ्याला दुकानात मंडळी जमली. उर्दू लिहून देणारे वेल्डिंगवाले चाचा आले, गोरमाटी लिहिणारे तांड्यावरचे गुरुजी आले, कोलामी सांगणारी पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, आशाताई आली. मामाजींनी नारळ फोडला. साडभाऊनं 'मराठी'वर बोट ठेवलं, आणि पडद्यावर आली इंग्रजी. उर्दू दाबलं, इंग्रजी. गोरमाटी दाबलं, कोलामी दाबलं, तरी मेली इंग्रजीच!

"बेटा, ये तो अंग्रेज वापस आ गये," चाचा म्हणाले.

मामाजींनी माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "पुन्याची गाडी कितीची हाये?"

साडभाऊ तिथंच मांडी घालून बसला आणि मराठीची फाईल खड्या आवाजात वाचू लागला, "श्री गणेशाय नमः. महिरपी कंस सुरू. अवतरण..."

"अबे थांब!" मी ओरडलो. "हे श्री गणेश कायले?"

झालं होतं असं. शुभ काम म्हणून त्या सकाळी हा शहाणा घरोघर लॅपटॉप घेऊन फिरला आणि फाईलच्या माथ्यावर ज्याच्या त्याच्या हातून देवाचं नाव लिहवून घेतलं. लग्नपत्रिकेवर घालतात तसं! चाचांनी ७८६ घातलं, गुरुजींनी जय सेवालाल, आशाताईनं गावदेवाचं नाव. आता संगणकाला सुरुवातीला कंसच लागतो. दुसरं काही दिसलं की तो ती फाईल वाचतच नाही, गुमान इंग्रजी दाखवतो. इंग्रजीच्या माथ्यावर लिहायला कोणी भेटलं नव्हतं, म्हणून तेवढी शाबूत राहिली.

"खोडून टाक ते नावं," मी म्हणालो.

"सनाच्या दिवशी देवाले हाकलू?" तो खवळलाच. मग बराच वेळ डोकं खाजवलं, आणि एकेक नाव उचलून कंसाच्या आत नीट जागा करून मांडलं. "उंबऱ्याभाईर उभे होते बिचारे. घरात घेतले."

पुन्हा बोट ठेवलं. वर श्री गणेश, खाली झकास मराठी! मग उर्दू, मग गोरमाटी. कोलामीचं पान आशाताईनं स्वतः वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "कोनतं यंत्र पायजे, असं आमच्या बोलीत आजवर कोनी इचारलं नोतं," ती म्हणाली.

मामाजींनी घसा खाकरला. "जवाईबापू," ते साडभाऊला म्हणाले, "पुन्या-बिन्याले जायाचं नाही. तुमी गेले तं मले करमन काय?"

साळी आत पळाली, ती बॅग रिकामी करायलाच. मी तिथूनच साहेबांना फोन लावून सांगितलं की आमचा माणूस येत नाही. खोटं कशाला बोलू, मला अगदी पोटातून आनंद झाला. बायको दिवाळीपर्यंत माहेरी राहणार होती, म्हणून संध्याकाळी सगळ्यांना आपट्याचं सोनं देऊन मी एकटाच गाडीत बसलो. साडभाऊ खिडकीखाली उभा राहून येड्यासारखा हात हलवत होता. मी पहिल्यांदा पुण्याला निघालो, तेव्हा घरच्यांनी गावभर पेढे वाटले होते. जाऊ नको, असं मात्र कोणी म्हणालं नव्हतं.