व्हिएन्ना ते लिस्बन

मोबाइलच्या पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं पिवळं विमान आहे. त्यात आमचा मुलगा बसला आहे. व्हिएन्नाहून तो लिस्बनला निघालाय, कारण तिथल्या दवाखान्यात आज त्याच्या बहिणीचं ऑपरेशन आहे. आम्ही दोघं इथे सांगलीत त्या दाण्याकडे बघत बसलो आहोत.

दोन्ही मुलं युरोपात, हे आम्ही किती ऐटीत सांगायचो. "जवळच आहेत हो एकमेकांना, विमानानं साडेतीन तास!" सांगलीहून पुण्याला जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. पडद्यावर तर ते अंतर माझ्या करंगळीएवढं. पण आज त्या करंगळीखाली केवढे डोंगर आहेत, आणि दाणा जागचा हलत नाही. मी बोट लावायला गेलो तर बायको ओरडलीच, "हात नका लावू! बंद पडलं म्हणजे?" काय बंद पडेल, ते मी विचारलं नाही.

आज तिनं केर काढलेला नाही. माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण.

"अगं, तो या घरातून कुठे निघालाय?"

"मग कुठल्या घरातून निघालाय?"

मी परत दाण्याकडे वळलो.

शेवटी दाणा समुद्राच्या काठाशी जाऊन थांबला. माझा जीव भांड्यात पडला. "उतरलं विमान. काढ आता केर."

ती कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बघत राहिली, पण उठली नाही.

"विमान पोचलं," ती म्हणाली. "तो तिच्याजवळ कुठे पोचलाय अजून?"