काकांचा रिकामा रकाना

आमच्या रक्तपेढीतले रजिस्टरकाका म्हणजे अक्षर मोत्यासारखं आणि शंका हजार. रक्तदात्यांची चारशे बारा नावं त्यांनी वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळली. ते निवृत्त व्हायच्या आठवड्यात ती सगळी कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, राग नाकावर आणि शहाणपण त्याच्याही वर!

"एकेक नाव घालत बसणार?" काकांनी विचारलं.

"छे हो! कॉम्प्युटरला द्यायचं वाक्य एकदाच तयार करायचं. नाव, गट, फोन यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मग त्यात शंभर-शंभर ओळी एका दमात भरायच्या."

"म्हणजे मी रकाने आधी आखून ठेवतो तसंच की!" ते खूश झाले. मीही झाले, पण कबूल कोण करतं!

पहिले तीन गठ्ठे सुरळीत गेले. चौथा अडला. एका ओळीत फोनच नव्हता, आणि एक ओळ अडली की शंभरच्या शंभर परत! वैतागून मी ती ओळ न वाचताच उडवली आणि पुढे गेले.

काका फूटपट्टी घेऊन छापलेली यादी रजिस्टरशी ताडून बघत बसले.

"अहो, चार ओळी बघा नि सोडा. शितावरून भाताची परीक्षा!" मी चिडले. ते कसले ऐकतात! त्यांचा चहा गार झाला, तेव्हा कुठे पट्टी थांबली.

"अगं, मलाच काढलंस होय?"

ओळ त्यांचीच होती. गट दुर्मिळ, यादीत तसे दोघेच. घरी फोन नव्हता, आणि लागणार कशाला? गरज पडली की टेबलावरून उठून रक्त द्यायला आत जाऊन झोपायचे.

"शनिवारी सुटतोय मी," ते म्हणाले. "या यादीत तरी राहू दे. बोलावलंत की येईन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळ परत घातली, फोनच्या जागी माझ्या घरचा नंबर टाकला. "फोन आला की मीच येते तुम्हाला न्यायला."

पुढच्या चार वर्षांत त्यांना न्यायला तीनदा गेले. स्कूटरवर मागे बसून ते सारखे "हळू, हळू" करायचे आणि मी करवादायचे. किती बरं वाटायचं तेव्हा!

चौथा फोन आला तो रक्तपेढीतल्या रात्रपाळीच्या नव्या मुलीचा. "काका आहेत का हो? तातडीचं आहे."

त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. ती ओळ काढायची मी विसरले नव्हते.