मामांचा डिंक

जगात आमच्या मामासासऱ्यांइतके आपल्या आतड्याचे लाड कुणी केले नसतील, आणि त्या आतड्याचा खुराक मी एका सकाळी त्यांच्या नातीच्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांना फासला. टेंभुर्णीला त्यांच्या ओट्यावर वाटीत भिजवलेला बाभळीचा डिंक दिसला. माझ्यासारख्या कारकुनाला दुसरं काय सुचणार? निम्मी पाकिटं चिकटल्यावर मामा बाहेर आले. "जावईबापू, माझी न्याहारी पोस्टात टाकून राह्यले का?"

मामांच्या आतड्याला जुनी सूज. गोळ्या चालू होत्याच, पण जीव सगळा चिकट वस्तूंवर. रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी, उन्हाळ्यात बेलाचा गर, ताकात डिंक. मोसंबी सोलली की फोडी आम्हाला आणि सालीमागचा पांढरा पापुद्रा त्यांना. हे सगळं थोतांड आहे, असं मी जाफराबादच्या डॉक्टरांसमोर म्हणालो, तर ते म्हणाले, "असला चिकट अंश आपल्याला पचत नाही, पण आतड्यातले चांगले जंतू त्यावर जगतात. सुजेला त्याचा उपयोग होतही असेल, खात्रीनं सांगता येत नाही. गोळ्या मात्र सोडू नका." मामांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. "ऐकलं का? मी खातो ते पोटातल्या पाहुण्यांसाठी!" गोळ्या मात्र मुकाट घेत राहिले.

पण नातीचं लग्न होतं कुंभार पिंपळगावला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. केव्हा धावावं लागेल या धास्तीनं मामांनी एसटी कधीच सोडली होती. सगळे म्हणाले, घरीच थांबा, मोबाइलवर लग्न दाखवू. मामा उसळले. "मोबाइलवर अक्षता टाकू का? बस थांबवीन, जवारीत जाईन, पण येईन बराबर!"

आणि आले. वाटेत दोनदा बस थांबवली. दुसऱ्यांदा कंडक्टर कुरकुरला, तसे मामा खालूनच ओरडले, "मास्तर, टाइमटेबल तुमचं, आतडं माझं! जरा दम धरा." अख्खी बस हसली; मी तेवढा खिडकीबाहेर बघत अनोळखी झालो. मांडवात मामांनी अक्षता अशा जोरानं फेकल्या की नवरदेवानं डोळेच मिटले.

घरी परतल्यावर मी बायकोला विचारलं, "खरं सांग, हे डिंकानं जमलं की गोळ्यांनी?"

ती पिशव्या रिकाम्या करत होती. "ते राहू द्या. येताना गाडी सुटल्याबरोबर मामा झोपले. धास्तीनं गाडीत कधी डोळा लागत न्हवता त्यांचा. मी बघतच बसले." मग रिकाम्या पिशवीची घडी घालत म्हणाली, "झोपेत किती म्हातारे दिसतात हो ते."