काळ्या जमिनीतली हरळी

बाबा चैत्रात गेले. घरापुढचं त्यांचं लॉन त्यानंतर दोन महिन्यांत गेलं.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. आमचं घर पश्चिम नागपुरातल्या एका ले-आउटमध्ये होतं. आसपासचे बरेच प्लॉट अजून रिकामे होते. घर आणि कुंपण यांच्यामध्ये दोन खोल्या मावतील एवढी जागा होती आणि तिथे बाबांनी हरळी लावली होती. कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरं काही एवढ्या मनापासून केलं नाही. पहाटे विहिरीवरचा पंप सुरू करून ते रबरी नळीनं पाणी देत, आठवड्यातून एकदा उकिडवे बसून विळ्यानं गवत कापत. मी खिडकीशी वाचत बसलेली असे.

"बाहेर ये जरा, गार आहे," ते म्हणत.

"एवढं पान संपलं की येते."

पान संपलं की पुढचं सुरू होई. त्या गवतावर मी त्यांच्याबरोबर किती वेळा बसले, हे नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. दोन्ही हातांची बोटं कधी पुरी झाली नाहीत.

तेरवीचा मांडव त्या गवतावरच पडला. आचाऱ्यानं चूल तिथेच मांडली, भांड्यांचं खरकटं पाणी तिथेच ओतलं. मांडव निघाल्यावर मधोमध जळकं वर्तुळ राहिलं. मग वैशाख आला. आता पाणी कोणी द्यायचं हे घरात कुणी ठरवलं नव्हतं. आई मागच्या खोलीतून पुढे येत नसे, मी शाळेतल्या मुलींचे परीक्षेचे पेपर पुढ्यात घेऊन न तपासता बसलेली असे. नागपूरच्या उन्हाला तेवढी सवड पुरते. मृग लागला तेव्हा तिथे भुरकट काड्या होत्या आणि त्यांच्यामधून लव्हाळ्याचे तुरे वर आले होते.

माझा मोठा भाऊ जबलपूरला इंजिनिअर होता. त्याचं पत्र आलं. "अंगणात शहाबादी फरशी घालून टाकू. साप-किरडाची भीती नाही, झाडलं की झालं. गवत सांभाळणारं आता आहे कोण?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला बागेची हौस नव्हती. शाळेत मी इतिहास शिकवत होते आणि फावडं कसं धरतात हेही मला ठाऊक नव्हतं. पण त्या जागेवर फरशी पडलेली मला बघवली नसती. मी उलट टपाली लिहिलं, "मी सांभाळीन. दिवाळीला येशील तेव्हा बघ."

शाळेतली आमची शिपाईबाई रामटेककडच्या खेड्यातली. तिच्या घरी धानाची शेती होती. स्टाफरूममध्ये चहा देताना तिनं माझं तोंड पाहिलं आणि विचारलं. मी सांगितल्यावर ती हसलीच.

"एवढी चिंता काहून करून राहिल्या वं बाई? धान लावणाऱ्या बाईले गवत लावता नाही येणार का? रोवणा करून देतो न मी."

आषाढातल्या एका रविवारी ती आपल्या जावेला घेऊन आली. कालव्याच्या काठची हरळी उपटून दोघींनी पोत्यात भरून आणली होती. आधी त्यांनी अंगणात पाणी सोडलं, लुगडी खोचली आणि धानाच्या बांधीत करतात तशी पायांनी चिखलणी केली. काळी माती लोण्यासारखी झाली. मग मागे मागे सरकत, ओळीत, वाकून एकेक जुडी रोवली. दुपारपर्यंत सगळं अंगण रोवून झालं. मी कडेला उभी राहून जुड्या देत होते. माझ्या पायाला चिखल लागला म्हणून तिच्या जावेला फार हसू येत होतं.

"बाई, तुमच्या पायाले मेंदी लागली आज."

श्रावणात अंगण हिरवंगार झालं. मी भावाला पत्र लिहिलं, त्यात हिरव्या रंगाचं वर्णन जरा जास्तच केलं असावं.

भाद्रपद संपता संपता पाऊस थांबला. अश्विनाच्या उन्हात ती लोण्यासारखी माती आधी चामड्यासारखी झाली, मग खापरासारखी. तिला भेगा पडल्या. एका भेगेत मी फूटपट्टी घातली तर ती निम्मी आत गेली. मी घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले. पाणी भेगांतून सरळ खाली जाई आणि मुळं वरच्या कवचात कोरडी राहत. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात हरळी पिवळी पडली.

भाऊ आला. सामान ओसरीवर ठेवून त्यानं अंगणाकडे पाहिलं.

"ही कुठली आटलेली तळी-बोडी आणून ठेवलीस?"

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे केला.

"फरशीवाल्याला सांगून ठेवलंय. परवा माप घ्यायला येईल."

"येऊ देऊ नकोस."

"मग?"

"आणखी एक दिवाळी दे."

"तू शाळेत शिकवतेस की शेतकी खात्यात लागलीस?"

आई दारात येऊन उभी होती. बाबा गेल्यापासून ती पुढच्या दारात आलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. ती म्हणाली, "देऊन टाक रे. मागून मागून पोरगी गवत मागते आहे, सोनं नाही मागत."

भाऊ हसला नाही, पण बसला. "ठीक. एक वर्ष. पुढच्या दिवाळीला असंच दिसलं तर मग वाद घालायचा नाही."

"नाही घालणार," मी म्हणाले.

सुट्टी संपल्यावर मी शिपाईबाईला सांगितलं. ती घरी येऊन अंगण पाहून गेली. तिनं भेगेत बोट घालून पाहिलं. "माहीच चूक आहे, बाई. धान पाण्यात राहते, हे सुकीवर राहणारं. मले समजाले पायजे होतं." मी म्हटलं, चूक माझीही आहे. परीक्षेच्या आधी चार पुस्तकं चाळल्याशिवाय मी मुलींना एक प्रश्न घालत नाही, आणि इथे मी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

तेव्हा मी विचारायला निघाले. एक मोठं ढेकूळ वर्तमानपत्रात बांधून मी शहरातल्या एका सरकारी बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याकडे घेऊन गेले. त्यानं पुडकं सोडलं आणि ढेकूळ हौदाच्या काठावर दोनदा आपटलं. ते फुटलं नाही.

"विटा पाडायच्या होत्या का बाई?"

"हरळी लावायची होती."

"मग तुडवलं काहून? काळ्या जमिनीले ओली तुडवली का तिचा जीव जाते. हवा नाही, पाणी नाही, मूळ जाईन कुठून?"

त्यानं सांगितलेलं मी तिथेच उभ्यानं वहीत उतरवून घेतलं. हिवाळ्यात हातभर खणा. लव्हाळ्याची गाठ न गाठ वेचा. ढेकळं उन्हाळाभर तशीच तापू द्या, पाण्याचा थेंब देऊ नका. मग कन्हान नदीची रेती आणि जुनं, मुरलेलं शेणखत मिसळा. पाऊस नीट बसल्यावर लावा. आणि रोज रोज शिंपडू नका, आठवड्यातून एकदा द्या पण खोल जाईल असं द्या.

"हे सगळं एका माणसाचं काम नव्हे," तो शेवटी म्हणाला.

"एकीनंच करायचं आहे," मी म्हणाले.

अगदी एकीनं केलं असं म्हणता येणार नाही. वरचं कवच फोडायला एक मजूर दोन दिवस लावला. त्याच्या टिकावाचे घाव मागच्या खोलीपर्यंत ऐकू येत. पुढचं मात्र मी केलं. शाळेतून चार वाजता घरी यायचं, चहा घ्यायचा, जुनं पातळ नेसायचं आणि अंधार पडेपर्यंत खणायचं. पहिल्या आठवड्यात हातांना फोड आले. फळ्यावर खडू धरवेना, तेव्हा मी मुलींना तोंडीच टिपणं सांगितली.

शेजारच्या काकू कुंपणावरून बघत. "काय वं, विहीर खोदून राहिली का?"

"हो काकू. पाणी लागलं की तुम्हालाच पहिली घागर."

लव्हाळ्याचं काम सगळ्यात मोठं. वर चार पाती दिसतात, पण खाली दोऱ्यात ओवल्यासारखे काळे मणी असतात, एकाखाली एक, आणि दोरा तुटला की खालचा मणी पुन्हा उगवतो. तो ओढायचा नाही, माती उकरत त्याच्या मागे जायचं. मी चौरस आखून घेतले होते, एका संध्याकाळी एक चौरस. पुस्तक वाचताना माझं मन जागेवर राहत नव्हतं, एकच ओळ चार-चारदा वाचली जाई. इथे मन मण्यामागे जाई आणि तिथेच राही. कधी बाबांची आठवण येई, तेव्हा हात थांबवायचा नाही असं मी ठरवलं होतं. डोळे पुसायला हात स्वच्छ नसत, त्यामुळे ते आपोआप सुकत.

चैत्रात वर्षश्राद्धाला माणसं ढेकळांमधून वाट काढत घरात आली. एका नातेवाइकानं विचारलं, इथे काय बांधताय. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला विचारा." मी म्हणाले, "गवत."

त्या वैशाखात मी मुद्दाम पाणी दिलं नाही. आदल्या वर्षी जमीन उन्हात पडली होती ती दुर्लक्षानं, या वर्षी मी तिला ठरवून तापवत होते. दुपारी खिडकीतून बघितलं की ढेकळांवर हवा थरथरताना दिसे. मृगाच्या सरी पडल्या आणि ती ढेकळं हातात घेताच भुगा होऊन सांडली. त्या दिवशी मी आईला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिच्या ओंजळीत माती ओतली. ती म्हणाली, "रव्यासारखी आहे गं."

रेती आणि खत मिसळून झालं. आता हरळी कुठून आणायची हा प्रश्न होता. पुन्हा कालव्यावरून आणावी असं मी म्हणत होते.

"कालव्यावर कशाला?" आई म्हणाली. "मागे धुण्याच्या दगडाशी आहे की. यांचीच आहे. पुढून पसरत पसरत तिथे गेली होती, मोरीच्या पाण्यावर जगली."

मी वर्षभर त्या दगडावर कपडे धूत होते. खाली पाहिलं नव्हतं.

शिपाईबाई या वेळीही आली. आल्या आल्या म्हणाली, "पाय बांधून ठेवा बाई माहे, नाही तं सवयीनं तुडवून टाकतो." आम्ही दोघींनी कांड्या कापल्या. प्रत्येक कांडीला तीन डोळे, दोन मातीत, एक वर, चार-चार बोटांवर एक. लावून झाल्यावर माती हलकेच दाबायला हवी होती. रोलर नव्हता. आम्ही एक लांब फळी टाकली आणि आईला तिच्यावर चालायला लावलं. फळी सरकवायची, आई पुन्हा चालायची. "या वयात मला सर्कशीत घातलंत," ती म्हणाली, पण शेवटच्या ओळीपर्यंत चालली.

श्रावणात हरळीनं जमिनीवरून पसरणारे धावे सोडले. लव्हाळाही परत आला, आधीपेक्षा कमी. मी रोज सकाळी शाळेआधी तो वेचत होते. गवत बोटभर वर येईपर्यंत विळा लावला नाही.

खरी परीक्षा अश्विनातच होती. पाऊस गेला, ऊन चढलं. आठ दिवस पाणी द्यायचं नाही असं वहीत लिहिलं होतं. पाचव्या दिवशी पाती दुपारी मिटू लागली आणि माझा हात पंपाच्या बटणाकडे गेला. गेल्या वर्षी याच भीतीनं मी थोडं थोडं पाणी घालून मुळं वरच ठेवली होती. मी हात मागे घेतला आणि शाळेत निघून गेले. आठव्या दिवशी नळी सोडली आणि ती अर्धा दिवस तशीच ठेवली. दोन-तीन ठिकाणी केसाएवढ्या चिरा दिसल्या, त्यांत रेती भरली. हरळी टिकली.

दिवाळीच्या दोन दिवस आधी भाऊ सकाळच्या गाडीनं आला. रिक्षातून उतरला, होल्डॉल ओसरीवर टाकला आणि गवताच्या कडेकडेनं चालू लागला. मी दारात उभी होते. वाद घालायचा नाही, असं मी कबूल केलं होतं. तो एका बाजूनं गेला, दुसऱ्या बाजूनं आला. कुंपणाच्या कोपऱ्याशी थांबला. तिथे पलंगाएवढा तुकडा पिवळा होता. तो उकिडवा बसला आणि त्यानं अंगठा मातीत दाबला.

"इथे पाणी साचतं. उतार उलटा पडलाय."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर काढला का नाहीस?"

"मला उतार काढता येत नाही."

त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. "सुतळी आण. एक खुंटी आण. फावडं कुठे आहे?"

"अरे, आधी आंघोळ कर," आई आतून म्हणाली, "प्रवासातून आलास."

"थांब गं जरा."

त्यानं घराच्या जोत्याशी एक खुंटी ठोकली, सुतळीचं टोक तिला बांधलं, दुसरं माझ्या हातात देऊन मला कुंपणाशी पाठवलं. मग जमिनीवर आडवा होऊन, गाल हरळीला टेकवून, एक डोळा मिटून तो त्या सुतळीखालून बघत राहिला. बराच वेळ तो तसाच होता. उठला तेव्हा त्याच्या गालावर गवताचे वळ होते आणि डोळे लाल होते. फावडं घेऊन तो कोपऱ्यातलं पिवळं गवत मातीसकट वड्या पाडून बाजूला ठेवू लागला.

"दोरी ढिली पडते आहे," तो मान वर न करता म्हणाला. "नीट ताणून धर."

मी ताणून धरली.