आधीच पाठवलेली दुरुस्ती

कोडमध्ये माणसांसाठी लिहून ठेवलेल्या टिपा असतात, त्यांना कॉमेंट म्हणतात. मशीन त्या वाचत नाही. त्यामुळे कोड बदलतो आणि कॉमेंट तशीच खोटं बोलत राहते. जगभरातली माणसं मिळून विनामोबदला चालवतात अशा एका डेटाबेसमधल्या चुकीच्या कॉमेंट दुरुस्त करणं हा माझा रविवारचा छंद. अवघड कोड लिहायची माझी कुवत नाही; दुसऱ्याच्या चुका काढायची भरपूर आहे.

त्या रविवारी एक सापडली. ‘इथे येण्यापूर्वीच लॉक घेतलेलं असतं.’ लॉक म्हणजे दोघांनी एकाच वेळी तीच माहिती बदलू नये म्हणून कोडनं लावायचं कुलूप. मी वरखाली सगळं पाहिलं, लॉक कुठंच नव्हतं. खूश होऊन दुरुस्ती सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवली. जेवण होईतो परदेशातल्या एका बाईंचं उत्तर आलं. लॉक दुसऱ्या फाइलीत घेतलं जातं, कॉमेंट बरोबर आहे. आपलं हे पूर्वीही बोलणं झालंय. सोबत लिंक.

‘घाईत वाचलं, माझंच चुकलं,’ असं उत्तर मी टाइप केलं आणि मग लिंक उघडली. दोन वर्षांपूर्वीची मेल, माझ्याच नावाची. तीच दुरुस्ती. खाली बाईंचं उत्तर. त्याखाली मी: ‘घाईत वाचलं, माझंच चुकलं.’

काही म्हणजे काही आठवेना.

बायकोला दाखवलं. पीठ चाळता चाळता ती म्हणाली, “त्यात काय नवीन? लग्नात बूट हरवल्याचा किस्सा तुम्ही पोरांना दर दिवाळीला पहिल्यांदाच सांगता की.”

मी हसलो. पण वडील माझ्याच वयाचे असताना, एमआयडीसीतला त्यांचा टॉवेलचा कारखाना बंद होऊन वर्ष झालं होतं, तरी एका सकाळी डबा घेऊन सायकलवर तिकडे गेले होते. तेव्हाही आम्ही हसलोच होतो.

निदान पुन्हा फसायला नको, म्हणून लॉक कुठं घेतात एवढी एक ओळ त्या कॉमेंटमध्ये घालू, असं मी लिस्टवर सुचवलं. उत्तर लगेच आलं. ‘जरूर. त्याच पानावर आणखी खाली पाहा. हेही तुम्हीच सुचवलं होतं. आठवड्यात पाठवतो म्हणाला होतात.’

हे वाचून बायको हसली नाही. पिठाचे हात पुसून तिनं खुर्ची ओढली.

“आत्ताच लिहा. मी बसलीये.”

ओळ लिहिली, पाठवली. ती उठली नाही.

“उद्या डॉक्टरांकडे जायचं.”

“मी जाऊन येईन की.”

“नको. तुम्ही त्यांना तुमच्या पद्धतीनं रंगवून सांगाल. खरं काय झालं ते सांगायला मी येते.”