सोड्याची टाकी आणि शेंगतेल

सात रस्त्याजवळच्या त्या सोडा मशीन दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलं नाही. संध्याकाळी चैत्रातल्या हळदीकुंकवाला चाळीस बायका येणार होत्या आणि पन्ह्याऐवजी घरचा आल्याचा सोडा देईन, असं मी सगळीकडे सांगून बसले होते. सकाळी बघते तर घरच्या सोड्याच्या टाकीतला गॅस पार निघून गेलेला.

टाकी रिक्षातून नेली आणि त्याला माझी यादी वाचून दाखवली : नळी नवीन, तोटी नवीन, झाकणाची रबरी रिंग नवीन. त्याचं लक्षच नव्हतं. त्याने दाढीच्या ब्रशने झाकणाला साबणाचा फेस फासला आणि गॅस सोडला. कडेने बुडबुडे फुगले. मग रिंग काढून त्याने नाकाशी धरली.

"ताई, शेंगतेल लावलंय व्हय हिला?"

"हो, घट्ट बसत होती म्हणून."

"रबर हाय ही, कडक भाकरी न्हाय! तेल पिऊन फुगलीया की. आपली लोकं लई गुणाची. कडक दिसलं की सोडलं तेल!"

नवी रिंग त्याने नुसत्या पाण्यात बुडवून बसवली. थोडं पाणी ओतून गॅस भरला, टाकी मांडीवर घेऊन तान्ह्या बाळासारखी डोलवली आणि पेलाभर सोडा स्वतःच प्यायला. दाब दाखवणारा काटा समोर होता, पण त्याचा भरवसा पोटावर. मी काही विचारणार, तोच त्याने डोळे मिटून बोट वर केलं. थोड्या वेळाने असा ढेकर आला, की बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

"न्या आता."

संध्याकाळी चाळीस बायकांनी तोंडाला पदर लावून त्याच्या निकालाला दुजोरा दिला.